नाव बदल, आकडा राहू दे

अगं, राजपत्रात नाव छापून आलं, पॅनकार्डावर झालं, बँकेत झालं, आणि आता डोळ्यांत खुपतंय ते लॅपटॉपातलं जुनं नाव. परवा तू हे सांगितलंस तेव्हाच मला पटलं. टर्मिनल उघडलं की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तेच आडनाव, फोल्डरच्या पत्त्यात तेच, लॉगिनच्या पडद्यावर तेच. ज्या यंत्रासमोर सगळा दिवस बसायचं, तिथे नको असलेलं नाव वाचत राहायचं हे बारीक दुखणं असतं. कुणाला सांगायला जावं तर 'एवढंसं काय त्यात' म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत हे काम माझ्याकडे कायम येतं. कुणाचं लग्नानंतर, कुणाचं घटस्फोटानंतर, कुणी आपली खरी ओळख स्वीकारल्यानंतर. नीट क्रमाने केलं तर एका दुपारचं काम आहे. फक्त तो क्रम मोडू नकोस, आणि काम आवरायला काढण्याआधी मी सांगते ते पूर्ण वाच.

सुरुवातीला काहीच बदलायचं नाही, नुसतं बघायचं. टर्मिनलमध्ये 'कॅट /ईटीसी/पासवर्ड' असं टाक. या फाइलचं नाव लिहिताना पासवर्डच्या इंग्रजी स्पेलिंगमधली ओ आणि आर ही दोन अक्षरं गाळायची. कमांडी मी फोनवर सांगितल्यासारख्या लिहितेय. तू त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाक. जिथे मोठं अक्षर हवं तिथे मी तसं सांगेन, कारण लिनक्स लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरतं. पडद्यावर बऱ्याच ओळी येतील, त्यातल्या बहुतेक यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी असतात. तुझी ओळ शेवटाकडे सापडेल. जुन्या लॉगिनच्या जागी मी 'जुने' लिहिते:

जुने:एक्स:१०००:१०००:जुनं पूर्ण नाव,,,:/होम/जुने:/बिन/बॅश

अपूर्णविरामांनी तोडलेले सात रकाने आहेत. पहिला लॉगिनचं नाव. दुसऱ्या रकान्यात फार पूर्वी पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवायचे. आता तिथे नुसता 'एक्स' असतो आणि पासवर्ड 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जातो, ती साध्या यूजरला वाचता येत नाही. तिसरा तुझा आकडा, चौथा तुझ्या ग्रुपचा आकडा. पाचव्यात पूर्ण नाव, सहाव्यात होम फोल्डरचा पत्ता, सातव्यात टर्मिनल उघडल्यावर सुरू होणारा शेल.

पाचव्या रकान्याची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याला अजूनही 'जीकॉस' म्हणतात. युनिक्स १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये घडत होतं, तेव्हा तिथे जनरल इलेक्ट्रिकची प्रणाली चालवणारं एक मोठं यंत्रही होतं. त्या प्रणालीचं नाव जीकॉस. छपाईची कामं युनिक्सवरून त्या यंत्राकडे पाठवायची असत आणि काम कुणाचं हे त्याला सांगावं लागे. त्या ओळखीसाठी हा रकाना ठेवला. ते यंत्र गेलं, ती प्रणाली आपल्याला माहीतही नाही, पण रकाना राहिला आणि आज त्यात तुझं-माझं पूर्ण नाव बसतं. मला या प्रणालीतल्या अशा जुन्या खुणा फार आवडतात.

आता तिसऱ्या रकान्याकडे ये, कारण सगळं त्याच्यावर आहे. उबुंटूवर पहिल्या माणसाला १००० हा आकडा मिळतो, पुढच्याला १००१, आणि सर्वाधिकारी रूटचा आकडा शून्य. तुझी प्रत्येक फाइल डिस्कवर ठेवताना तिच्यासोबत एक नोंद होते, तिला आयनोड म्हणतात. त्यात फाइलचा आकार असतो, वेळा असतात, परवानग्या असतात आणि मालकाचा आकडा असतो. मालकाचं नाव नसतं. तू 'एलएस डॅश एल' करतेस तेव्हा नाव दिसतं खरं, पण ते त्या क्षणी वरच्या यादीत आकडा शोधून लावलेलं असतं. खात्री करायची तर 'एलएस डॅश एन' करून बघ, नावांच्या जागी १००० १००० अशी रांग दिसेल. बँकेत तुझं नाव बदललं तेव्हा खातेक्रमांक तोच राहिला, जुन्या ठेवी कुठे हलल्या नाहीत, इथेही तसंच. यादीत पहिला रकाना बदलला की तुझ्या लाखभर फाइली पुढच्या क्षणी नव्या नावाच्या दिसायला लागतात, एकीलाही हात न लावता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की आकड्याला शिवायचं नाही. यूजरमॉड या कमांडीला आकडा बदलायचीही सोय आहे. कुणी 'स्वच्छ सुरुवात' म्हणून ती वापरायला सांगेल. ऐकू नकोस. आकडा बदलला तर होम फोल्डरमधल्या फाइलींची मालकी ती कमांड बदलून देते, पण होमच्या बाहेरच्या फाइली जुन्या आकड्यावर पोरक्या राहतात. तुझ्या बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कवर, दुसऱ्या पार्टिशनवर, कुठे कुठे. त्या मग एकेक शोधून काढाव्या लागतात.

काहीजण दुसरा रस्ता सांगतील, की नवं खातं उघड, फाइली कॉपी कर, जुनं खातं पुसून टाक. जिचं होम फोल्डर वर्षानुवर्षांच्या पसाऱ्याने भरलंय आणि जिला त्यातलं थोडंच न्यायचंय, तिला तो बरा. तुला नाही. नव्या खात्याचा आकडा १००१ होणार, प्रत्येक फाइलची मालकी बदलावी लागणार, जुनं खातं ज्या ग्रुपांमध्ये होतं त्यात नव्याला पुन्हा घालावं लागणार. तुझं तर सगळंच काम त्या फोल्डरमध्ये आहे.

नावं तीन ठिकाणी आहेत: पहिला रकाना, पाचवा रकाना आणि सहावा. तुला नक्की कुठलं खुपतंय हे आधी ठरव. लॉगिनच्या पडद्यावर दिसतं ते पाचव्या रकान्यातलं नाव. तेवढंच बदलायचं असेल तर सेटिंग्जमध्ये यूजर्स उघड, अनलॉक कर, नावाशेजारच्या पेन्सिलवर टिचकी मार, नवं नाव लिही. झालं. तिथे देवनागरी चालते, तेव्हा आपलं नाव आपल्या लिपीत लिही. बऱ्याच जणींचं समाधान एवढ्यावर होतं आणि मी त्यांना पुढे जायचा आग्रह करत नाही. तुला टर्मिनलमधलं आणि पत्त्यातलंही नको आहे, म्हणून पुढचं सगळं.

नवं लॉगिन निवडताना माझं ऐक, त्यात आडनाव घालूच नकोस. ना माहेरचं, ना दुसरं कुठलं. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसनचं लॉगिन नुसतं 'केन' होतं आणि डेनिस रिचीचं 'डीएमआर'. तेव्हा आठच अक्षरांची मुभा होती, आता लिनक्सवर बत्तीसपर्यंत जाता येतं, पण म्हणून लांब नाव घ्यायचं कारण नाही. लॉगिन हे दिवसातून वीसदा टाइप करायचं छोटं नाव. आपली रीतसर, मोठी, आयुष्यात बदलू शकणारी नावं पाचव्या रकान्यात ठेवावीत, ती तिथे केव्हाही सहज बदलतात. पहिल्या रकान्यात लहानपणापासून तुझं असलेलं, कुणी दिलं नाही आणि कुणी काढून घेणार नाही असं काहीतरी ठेव. सगळे तुला ज्या नावाने हाक मारतात तेच का नाही? सुरुवात इंग्रजी लहान अक्षराने हवी. पुढे लहान अक्षरं, आकडे, आडवी रेघ, अधोरेषा एवढंच चालतं. इथे देवनागरी घेत नाही.

आता तयारी. खरा वेळ इथेच जातो आणि जाऊ दे.

बॅकअप घे. बाहेरची डिस्क विंडोजसाठी फॉरमॅट केलेली असेल तर नुसतं फोल्डर ओढून टाकू नकोस. त्या डिस्कवर लिनक्सची मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत. टार कमांडीने सगळ्या होमचं एक गाठोडं कर आणि ते गाठोडं डिस्कवर ठेव, आत सगळं जसंच्या तसं राहतं. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हेही आधी बघून घे. गाठोडं झालं की ते उघडून आतली एखादी फाइल वाचून बघ. न उघडलेल्या बॅकअपवर मी कधीच विसंबत नाही.

तू पायथनची जी व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट्स वापरतेस, त्यांच्या आत होमचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. फोल्डरचं नाव बदललं की त्यातल्या कमांडी जुन्या जागी पायथन शोधतात आणि 'नो सच फाइल' म्हणून थांबतात. ती दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, नवी करावी. त्यासाठी आजच प्रत्येक एन्व्हायरन्मेंट सुरू करून 'पिप फ्रीझ' कर आणि निघालेली यादी फाइलमध्ये ठेव. उद्या ती यादी देऊन सगळी पॅकेजेस परत बसतील. रोज रात्री डेटा उतरवून घेण्यासाठी तू क्रॉन लावलायस ना? त्याचं वेळापत्रक यंत्र तुझ्या लॉगिनच्या नावाने ठेवतं, म्हणजे नाव बदलल्यावर नव्या नावाला काहीच वेळापत्रक नाही. 'क्रॉनटॅब डॅश एल' करून तेही फाइलमध्ये घे.

मग एक दुसरं खातं उघड. हे टाळता येत नाही. ज्या खात्यात तू बसलीयस त्याचंच नाव यंत्र बदलू देत नाही. त्या नावाने एकही प्रोसेस चालू असेल तरी यूजरमॉड नकार देतं आणि कुठली प्रोसेस तेही सांगतं. ते बरोबरच करतं. तर 'सुडो ॲडयूजर सहायक' असं करून (सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालव) सहायक नावाचं खातं उघड, पासवर्ड दे, आणि त्याला सुडो ग्रुपमध्ये घाल: 'सुडो यूजरमॉड डॅश ए मोठा जी सुडो सहायक'. शेवटचं सुडो हे ग्रुपचं नाव. यातला छोटा ए विसरायचा नाही. ए म्हणजे आहे त्यात भर घाल. तो नसेल तर त्या माणसाचे बाकीचे सगळे ग्रुप काढून एवढाच उरतो. सहायकच्या बाबतीत फार बिघडणार नाही, पण हीच कमांड ए-वाचून कुणी स्वतःच्या खात्यावर डॉकरचा ग्रुप जोडायला वापरली, तर सुडोचा अधिकारच जातो. हाताला ए-ची सवय आत्तापासून लाव.

लॉगिन न विचारता लॅपटॉप थेट तुझ्या खात्यात उघडत असेल, तर ती सोयही सेटिंग्जमधून बंद कर. नाहीतर यंत्र सुरू झालं की जुनं खातं आपोआप आत येऊन बसेल आणि पुन्हा नकार. आता लॅपटॉप रीस्टार्ट कर. नुसतं लॉग-आउट पुरत नाही, मागे काही ना काही चालू राहतं. पडद्यावर आपल्या नावावर टिचकी न मारता सहायक निवड. आत गेल्यावर 'सुडो हूअॅमआय' करून बघ. उत्तर 'रूट' आलं तर पुढे जायचं. वेगळं काही आलं तर थांबायचं आणि मला फोन करायचा.

आला ना रूट? मग मुख्य काम चार ओळींचं आहे. आधी 'आयडी जुने' करून आकडा कागदावर लिहून ठेव, १००० असणार. मग:

सुडो यूजरमॉड डॅश एल नवे जुने

पहिलं नवं नाव, मग जुनं, हे उलटं वाटतं, म्हणून एंटर दाबायच्या आधी एकदा मोठ्याने वाच. या कमांडीने पहिला रकाना बदलतो. शॅडो फाइलमध्येही नाव बदलतं, त्यामुळे पासवर्ड तोच राहतो. ग्रुपांच्या याद्यांमध्ये तुझं नाव जिथे जिथे होतं तिथेही बदलतं, म्हणजे सुडोचा अधिकार जात नाही. होम फोल्डरला मात्र ती हात लावत नाही. तुझ्या नावाचा तुझा एकटीचा जो ग्रुप असतो तोही तसाच राहतो. म्हणून पुढची ओळ 'सुडो ग्रुपमॉड डॅश एन नवे जुने'. त्यानंतर:

सुडो यूजरमॉड डॅश डी /होम/नवे डॅश एम नवे

डी सांगतो की पत्ता कुठला, आणि एम सांगतो की जुन्या जागचं सगळं तिथे हलव. एम लिहिला नाही तर यादीतला पत्ता बदलेल आणि फोल्डर जुन्याच जागी राहील; मग लॉगिन केल्यावर आपलं काहीच सापडत नाही आणि जीव घाबराघुबरा होतो. दुसरी एक गोष्ट, '/होम/नवे' हे फोल्डर मदत म्हणून आधीच करून ठेवू नकोस. ते तिथे दिसलं की यूजरमॉड फोल्डर अस्तित्वात आहे असं सांगून हलवायचं थांबतं. होम त्याच डिस्कवर असल्याने शेकडो जीबी असले तरी ही ओळ क्षणात संपते, कारण आतलं काही कॉपी होत नाही, फक्त वरचं नाव बदलतं. लवकर झालं म्हणून शंका घेऊ नकोस.

चौथी ओळ पाचव्या रकान्यासाठी, 'सुडो यूजरमॉड डॅश सी' आणि पुढे अवतरणचिन्हांत नवं पूर्ण नाव, मग लॉगिन. ते सेटिंग्जमधून आधीच केलं असशील तर सोडून दे.

आता 'आयडी नवे' कर. कागदावरचा आकडा आणि हा आकडा एकच हवा. 'एलएस डॅश एलडी /होम/नवे' केलंस की मालक म्हणून नवं नाव दिसलं पाहिजे. दिसलं की लॅपटॉप पुन्हा सुरू कर आणि नव्या नावाने आत ये. टर्मिनल उघड. ओळीच्या सुरुवातीला तुझं नाव असेल.

पण त्याच ओळीत ॲटच्या चिन्हानंतर बघ. उबुंटू बसवताना यंत्राला जे नाव सुचवलं जातं ते बहुतेकदा लॉगिन आणि मॉडेल जोडून केलेलं असतं, आणि आपण सगळ्याजणी तेच ठेवतो. म्हणजे जुनं आडनाव तिथे अजून आहेच. वायफायवर बाकीच्यांनाही तेच दिसत असतं. 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' आणि पुढे यंत्रासाठी आवडेल ते नाव दे. मग '/ईटीसी/होस्ट्स' ही फाइल उघडून १२७.०.१.१ ने सुरू होणाऱ्या ओळीतही तेच नाव लिही. ही ओळ राहिली तर सुडो करताना दर वेळी 'होस्ट सापडत नाही' अशी कुरकुर ऐकू येते.

यानंतरचं काम वेचणीचं. होमचा पूर्ण पत्ता ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवलाय ते सगळे अजून जुन्या घरी तुला शोधताहेत. 'ग्रेप डॅश आर मोठा आय एल' आणि पुढे '/होम/जुने' असं देऊन डॉट-कॉन्फिग आणि डॉट-लोकल या दोन लपलेल्या फोल्डरांमध्ये शोध, आणि डॉट-बॅशआरसी, डॉट-प्रोफाइल या फाइलींमध्ये. फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूला तू लावलेले बुकमार्क इथे सापडतील, मेनूत स्वतः टाकलेले लाँचर सापडतील. त्यांच्यात पत्ता बदल. डेस्कटॉपचं चित्र गायब झालं असेल तर घाबरू नकोस. त्याचा पत्ता बायनरी फाइलमध्ये असतो म्हणून ग्रेपच्या या शोधात येत नाही. चित्र पुन्हा निवड. एन्व्हायरन्मेंट्स नव्याने कर, क्रॉनची फाइल परत दे, आणि त्या फाइलीच्या आत जुने पत्ते आहेत का तेही बघ. पॉडमन वापरायला लागली असशील तर '/ईटीसी' मधल्या 'सबयूआयडी' आणि 'सबजीआयडी' या दोन फाइली तपास.

एक सोपा उपाय लोक हटकून सांगतात, की जुन्या पत्त्यावरून नव्याकडे सिंबॉलिक लिंक टाक, 'एलएन डॅश एस' ने, म्हणजे काहीच तुटत नाही. सर्व्हरवर, जिथे दहा जणांच्या स्क्रिप्ट जुना पत्ता वापरतात, तिथे मीही तेच करते. तुझ्या लॅपटॉपवर आठवडाभर ठेवायला हरकत नाही. कायमची नको. ती ठेवलीस की चुकलेले पत्ते कधी उघडेच पडत नाहीत, आणि '/होम' उघडलं की जुनं नाव तिथे उभं. ज्यासाठी हा खटाटोप केला तेच राहतं. लिंक काढून टाक आणि जे तुटेल ते तेव्हाच दुरुस्त कर.

एसएसएचचं एक नीट लक्षात घे, कारण इथे भल्याभल्यांची गाडी अडते. तू संस्थेच्या सर्व्हरवर जाताना नुसतं 'एसएसएच' आणि सर्व्हरचं नाव टाकतेस. लॉगिन सांगितलं नाही की एसएसएच लॅपटॉपवरचंच लॉगिन पुढे करतं. आजवर दोन्हीकडे एकच नाव होतं म्हणून चाललं. आता लॅपटॉप नवं नाव देईल आणि सर्व्हर म्हणेल, परवानगी नाही. किल्ली बिघडली नाहीये, नव्या किल्ल्या बनवत बसू नकोस. डॉट-एसएसएच फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या सर्व्हरच्या खाली 'यूजर' आणि जुनं लॉगिन अशी ओळ घाल. सर्व्हरवरचं नाव बदलेपर्यंत ती ओळ राहू दे. सार्वजनिक किल्लीच्या शेवटी जुनं नाव दिसेल, ती नुसती टीप असते, हवी तशी बदल.

गिटमध्ये 'यूजर डॉट नेम' आणि 'यूजर डॉट ईमेल' नवे दे. आधीच्या कमिटांवर जुनं नाव राहणार. ते पुसायचं तर सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो, प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो आणि सोबत काम करणाऱ्यांच्या प्रती जुळेनाशा होतात. त्यापेक्षा प्रकल्पाच्या मुळाशी 'डॉट-मेलमॅप' नावाची फाइल ठेव. एका ओळीत नवं नाव, नवा ईमेल आणि त्यापुढे जुनं नाव, जुना ईमेल. मग इतिहासाची यादी काढली की गिट स्वतः जुन्याच्या जागी नवं दाखवतं. नाव बदललेली माणसं ही फाइल सर्रास वापरतात. तुझ्या गटाला ती सामावून घ्यायला सांग, संकोच करू नकोस. तुझं पाच वर्षांपूर्वीचं कामही तुझंच आहे आणि ते तुझ्या नावावर दिसायला हवं. तेवढ्यासाठी मात्र जुनं नाव त्या फाइलमध्ये लिहिलेलं राहतं, हे माहीत असू दे.

लिब्रेऑफिसमध्येही डोकाव. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात यूजर डेटा. तिथे कधीकाळी भरलेलं नाव तू पाठवतेस त्या प्रत्येक अहवालाच्या गुणधर्मांत लेखक म्हणून जात असतं. जुन्या लॉगमध्ये काही दिवस जुनं नाव दिसेल, ती फाइल आपोआप फिरून जाते. तिच्यामागे लागू नकोस.

संस्थेच्या सर्व्हरवरचं नाव तुला स्वतःला बदलता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नकोस. तिथली खाती बहुधा एकाच मध्यवर्ती यादीत असतात आणि होम फोल्डर नेटवर्कवरून सगळ्या यंत्रांना दिलेलं असतं. तिथल्या ॲडमिनला लेखी मेल पाठव. त्यात तीन गोष्टी स्पष्ट माग: लॉगिन बदलावं, आकडा तोच ठेवावा, जुना ईमेल पत्ता काही महिने नव्याकडे वळता ठेवावा. 'नवं खातं देतो, जुनं बंद करतो' असं उत्तर आलं तर लगेच हो म्हणू नकोस. सोय त्यांची होते, आणि फाइलींची मालकी, रांगेत लावलेली कामं, सामायिक फोल्डरांतले अधिकार हे सगळं तुला नव्याने मागत फिरावं लागतं. राजपत्राची प्रत जोड म्हणाले तर जोड. पण नाव का बदललं याचं कारण सांगायला तू बांधील नाहीस. मी स्वतः कधी कुणाला विचारत नाही.

ऑफिसने दिलेला मॅक घेशील तेव्हा विचार वेगळा नाही, वाट वेगळी. तिथे घरं '/यूजर्स' मध्ये असतात आणि पहिल्या माणसाचा आकडा ५०१. तिथेही दुसऱ्या ॲडमिन खात्यातून जायचं, फोल्डरचं नाव बदलायचं, मग यूजर्स अँड ग्रुप्समध्ये आपल्या नावावर कंट्रोल दाबून टिचकी मारायची आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये लॉगिन आणि होमचा पत्ता दोन्ही सारखे करायचे. शक्य असेल तर तो घेतानाच योग्य नाव टाकून घे.

सहायक खातं लगेच काढू नकोस. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत सिस्टिमचे अपडेट येऊ देत, क्रॉन रात्री चालू दे, एखादा महिनाअखेरचा अहवाल नव्या जागेवरून निघू दे. सगळं सुरळीत दिसलं की 'सुडो डेलयूजर', दोन डॅश, 'रिमूव्ह-होम सहायक' कर. बॅकअपचं गाठोडं आणि क्रॉनची व पिपची फाइल मात्र तेव्हाही ठेव. येत्या शनिवारी दुपारी मी घरीच आहे. तू रीस्टार्ट करायच्या आधी फोन लाव आणि स्पीकरवर ठेव. 'आयडी नवे' चं उत्तर मला वाचून दाखव, मग पुढच्या ओळी टाक.